देवळाचे जुने लाकूड आणि त्यावरील लाख, मेण व तेल

॥ श्रीदेवी सातेरी प्रसन्न ॥



जीर्णोद्धार समितीने या स्मरणिकेसाठी माझ्याकडून लेख मागितला, तेव्हा मी प्रथम नकारच दिला. मी तालुक्याच्या कचेरीत कारकुनी करणारा, शिक्षण एस.एस.सी.पर्यंत. माझा जन्म टिपणी लिहिण्यात आणि रुमाल बांधण्यात गेला. देवस्थानचे मानकरी, उत्सव, पालखीचे मान यांविषयी याच अंकात जाणत्या मंडळींनी लिहिले आहे. त्यात मी काय भर घालणार? परंतु अध्यक्ष म्हणाले, "भाऊसाहेब, गेली दोन वर्षे तुम्ही सुटीच्या दिवशी देवळात खांब पुसत बसलात, त्याविषयीच लिहा." म्हणून हे धाडस करीत आहे. प्रस्तुत लेख देवळातील जुन्या लाकडाविषयी व त्यावर आपले पूर्वज जो लेप देत आले त्याच्या इतिहासाविषयी आहे. विषय लहान दिसतो, परंतु त्याच्यावरून समितीच्या तीन सभा गाजल्या हे आपण जाणताच.

रंगाखाली काय होते

आपल्या देवळाच्या जुन्या सभामंडपाचे खांब आपण सर्वांनी लहानपणापासून पाहिले ते हिरव्या ऑईलपेंटचे. त्याआधी ते चंदेरी होते, त्याही आधी तांबडे. दर काही वर्षांनी जत्रेच्या तोंडावर कोणीतरी भाविक डबा आणून देई आणि गावची पोरे भक्तिभावाने रंग फासत. त्या पोरांत एके काळी मीही होतो. गणेशपट्टीवरील कोरीव वेल रंगाच्या थरांनी इतका बुजला होता की, पाने कोणती आणि फुले कोणती हे ओळखू येत नव्हते.

छप्पर उतरविण्याचे काम सुरू झाले तेव्हा समितीचा पहिला विचार असा होता की, जुने लाकूड लिलावात काढावे, आलेली रक्कम बांधकामात घालावी आणि सभामंडप संपूर्ण सिमेंट-काँक्रीटचा करावा. ठराव लिहिलाही गेला होता. त्याच सुमारास आपल्या शेजारच्या वाडीतील वयोवृद्ध सुतार, ज्यांना सारा पंचक्रोश नुसते 'मेस्त्री' म्हणून ओळखतो, ते देवदर्शनाला आले. त्यांनी एका खांबाच्या कोपऱ्याचा सुटलेला पोपडा पटाशीने अलगद उचलला. आतून तांबूस तपकिरी, मधाच्या रंगाचे फणसाचे लाकूड दिसले. फणस कापला की पिवळाधमक असतो. वर्षे जातात तसा तो उजेडाने व हवेने गडद होत जातो. तो रंग कोणत्याही डब्यात मिळत नाही.

मग त्यांनी पालखीच्या दांड्याच्या खालच्या अंगाला स्पिरिटमध्ये भिजविलेला कापसाचा बोळा टेकविला. बोळा चिकट झाला व त्याला पिवळसर तांबडा रंग आला. मेस्त्री म्हणाले, "भाऊसायब, ही लाख." एवढ्या दोन शब्दांनी मला या विषयाचे वेड लावले.

लाख : आपल्या मातीतील वस्तू

लाख हा झाडाचा चीक नव्हे. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर एक बारीक किडा बसतो. तो फांदीतील रस शोषतो आणि अंगाभोवती कवच तयार करतो. असे असंख्य किडे दाटीने बसून फांदीवर जाड साल धरतात, तीच लाख. लाख हे नावही किड्यांच्या या लक्षावधी संख्येवरून पडले असे सांगतात. आपल्या देशात झारखंड, छत्तीसगड, मध्य प्रदेश, पश्चिम बंगाल या भागांत तिचे पीक मोठे. महाराष्ट्रातही गोंदिया, गडचिरोलीकडील जंगलपट्ट्यात ती होते.

फांदीवरून खरवडलेली लाख कुटून धुतली की, पाण्यात तांबडा रंग उतरतो. आपल्या आज्या-पणज्या पायांना अळिता लावीत, तो मूळचा याच रंगाचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विलायती रासायनिक रंग आले व हा रंग मागे पडला. धुतलेली लाख लांब कापडी पिशवीत भरून निखाऱ्यासमोर पिळतात. वितळलेली लाख बाहेर येते, ती गरम असतानाच ताणून तिचे पातळ पापुद्रे करतात. ही झाली चपडी लाख. गावच्या जत्रेत पूर्वी भोंग्याच्या फोनोवर ज्या जड, पटकन फुटणाऱ्या तबकड्या वाजत, त्यांतही माती-भुकटीला धरून ठेवणारा पदार्थ ही लाखच होती.

लाखेचे वय फार जुने आहे. अथर्ववेदात लाक्षेवर एक संपूर्ण सूक्त आहे. महाभारतातील लाक्षागृहाची कथा तर शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने आपल्या बृहत्संहितेत देवालये, प्रासाद व मूर्ती यांच्यासाठी जो 'वज्रलेप' सांगितला, त्याच्या एका कृतीतही लाखेचा समावेश आहे. म्हणजे देऊळ आणि लाख यांचे नाते निदान दीड हजार वर्षांचे आहे. अकबराच्या दरबारातील अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'तही लाखेच्या रोगणाचा उल्लेख आहे.

आपल्या मुलखाजवळचा दाखला द्यायचा तर गोव्याचा द्यावा लागेल. यान हुइखेन व्हान लिन्स्खोतेन नावाचा एक हॉलंडचा तरुण १५८३ साली गोव्यास आला. तो तेथील आर्चबिशपच्या पदरी लेखनिक होता, म्हणजे माझ्याच जातीचा, लेखणीवर पोट भरणारा! सुमारे पाच वर्षे तो तेथे राहिला आणि जे जे पाहिले ते लिहून ठेवले. १५९६ साली त्याचे पुस्तक छापले गेले. त्यात त्याने कातारी लोकांचे काम वर्णिले आहे. चरकावर लाकूड फिरत असताना कारागीर लाखेची कांडी त्यावर दाबून धरतो, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर बसते. पलंग, खुर्च्या अशा वस्तू या रीतीने रंगीत व चकचकीत केल्या जात, असे तो सांगतो.

हीच रीत आजही जिवंत आहे. गुजरातेत संखेडा येथे, कर्नाटकात चन्नपट्टण येथे आणि आपल्या सावंतवाडीत ती पाहावयास मिळते. चन्नपट्टणचे कारागीर लाख चढल्यावर केवड्याच्या जातीच्या झाडाचे पान फिरत्या लाकडावर दाबून धरतात व त्यानेच चकाकी आणतात. सावंतवाडीतील चितारी घराण्यांचे पाट, चौरंग, देव्हारे, खेळणी आणि गंजिफा यांची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. ही कला मरणपंथाला लागली असता १९७० नंतरच्या काळात शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागिरांना बसवून तिला नवे जीवन दिले. ते केले नसते तर आज आपण सावंतवाडीचे पाट फक्त जुन्या फोटोत पाहिले असते.

लाख परदेशी गेली आणि पॉलिश होऊन परत आली

युरोपात पूर्वी लाकडी सामानाला मेण चोळीत किंवा जवसाचे तेल पाजीत. मधमाशीचे मेण टर्पेंटाईनमध्ये विरघळवून लाकडावर चोळायचे व कापडाने घासायचे, ही तिकडची घरगुती रीत. आपली लाख जहाजांतून तिकडे जाऊ लागली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये ती स्पिरिटमध्ये विरघळवून कापडी बोळ्याने, अतिशय पातळ असे अनेक हात देण्याची पद्धत रूढ झाली. हेच ते 'फ्रेंच पॉलिश'. तेथून ते इंग्लंडात गेले व साहेबाबरोबर आपल्याकडे आले. आज मुंबईत पॉलिशवाला कारागीर चपडी, चंद्रस आणि स्पिरिट यांची जी बाटली घेऊन फिरतो, तिचे नाव विलायती असले तरी तिच्यातील मुख्य माल इथलाच आहे. लाखेच्या संशोधनासाठी रांचीजवळ नामकुम येथे १९२४ साली संस्था निघाली. नाव बदलले असले तरी ती संस्था आजही काम करीत आहे.

या इतिहासात एक धडा आहे, तो मुद्दाम नमूद करतो. फ्रेंच पॉलिशची नवलाई आली तेव्हा इंग्लंडात लोकांनी आपले शंभर शंभर वर्षांचे मेण चोळलेले टेबल-कपाटे खरवडून काढली आणि त्यांच्यावर आरशासारखी चमक आणली. आज तेथील जाणकार त्याबद्दल हळहळतात. कारण लाकडाचा जुना वर्ण, हात लागून लागून आलेली मऊ झाक, हे सर्व रंध्याखाली गेले. नवी चमक पुन्हा आणता येते, जुनी झाक नाही. तात्पर्य, ऑईलपेंटचा डबा घेऊन धावणारे आपणच तेवढे वेडे नव्हतो!

माझ्या हातून झालेली चूक

दुसऱ्याला शहाणपण सांगण्यापूर्वी स्वतःचा गुन्हा कबूल करावा. आमच्या घरी माझ्या आजोबांचा सागवानी पेटारा होता. पितळी कड्यांचा, आत चोरकप्पा असलेला. आजोबा दसऱ्याला त्याला हळुवार हाताने तेलाचे फडके फिरवीत. मी नोकरीला लागल्यावर घरात नवे काही करावे या उत्साहाने त्याला जाड काचपेपर मारला, पांढरा सागवान दिसेपर्यंत मारला आणि वर बाजारातील चकचकीत पॉलिश दिले. आठ दिवस पेटारा नवाकोरा दिसला. दुसऱ्या पावसाळ्यात त्या पॉलिशखाली ओल शिरली, पांढरे डाग पडले, मग पापुद्रे सुटले. आजोबा तेव्हा हयात होते. ते रागावले नाहीत. फक्त पेटाऱ्यावर हात फिरवून म्हणाले, "ह्या आता माझा नाय वाटत रे." ते वाक्य माझ्या मनातून अजून गेलेले नाही.

मेस्त्रींना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "भाऊसायब, जुना लाकूड म्हणजे म्हातारा माणूस. तेची कातडी सोलल्यान म्हणान तो तरणो होवचो नाय."

आमच्या कचेरीसारख्या ठिकाणीही हे पाहावयास मिळते. जुनी भक्कम सागवानी टेबले 'निरुपयोगी' असा शेरा मारून निर्लेखित होतात, भंगाराच्या भावाने जातात आणि त्यांच्या जागी पत्र्याची टेबले येतात. कागदोपत्री सर्व नियमाप्रमाणे असते. पण नियम पाळला म्हणून नुकसान झाले नाही असे होत नाही.

एक गोष्ट जळाली, एक वाचली

लाकडाचे वैभव किती नाजूक असते याचा दाखला पुण्याचा शनिवारवाडा. १७३२ साली वास्तुशांत झालेला तो वाडा १८२८ सालच्या आगीत भस्मसात झाला. दगडी तट, दरवाजे व जोती तेवढी उरली. कोरीव सागवानी महालांचे आपण आता केवळ वर्णन वाचतो. उलट, त्याच पुण्यात दिनकर केळकर यांनी १९२० च्या सुमारापासून गावोगाव हिंडून, मोडीत निघालेल्या वाड्यांचे कोरीव दरवाजे, खिडक्या, दिवे, पेट्या जमविल्या. अकाली गेलेल्या आपल्या राजा नावाच्या मुलाच्या स्मरणार्थ त्यांनी वस्तुसंग्रहालय उभे केले व १९७५ साली ते शासनाच्या स्वाधीन केले. लोकांनी जे जळाऊ म्हणून टाकले ते एका माणसाने मौल्यवान म्हणून उचलले. मुंबईकर मंडळींनी पुण्यास गेल्यावर ते अवश्य पाहावे.

तिसऱ्या सभेत मी हे दोन्ही दाखले वाचून दाखविले. बरीच वादावादी झाली. लाकूड ठेवले तर खर्च व देखभाल वाढेल असे काहींचे म्हणणे होते आणि ते खोटे नव्हते. अखेर असे ठरले की, छप्पर व बाहेरील पडवी नवीन करावी. आतील खांब, तुळया, गणेशपट्टी व पालखी मात्र दुरुस्त करून ठेवावी. चार खांब आतून पोखरले गेले होते, ते वाचविता आले नाहीत. त्यांचे धड तुकडे काढून त्यांतूनच इतर खांबांना ठिगळे दिली.

काम कसे केले

पुढील पिढीला व आपापल्या घरच्या जुन्या वस्तूंसाठी उपयोग व्हावा म्हणून कामाची रीत क्रमाने देतो.

प्रथम मऊ ब्रशाने कोरडी धूळ झाडली. दिव्याची काजळी व तेलाचा राप टर्पेंटाईनने ओलसर केलेल्या फडक्याने काढला. पाणी ओतून धुतले नाही. जेथे पाणी लागलेच तेथे रिठ्याच्या पाण्यात पिळून काढलेले फडके फिरवून लगेच कोरडे केले.

नंतर जुना लेप कोणता हे पाहिले. न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा थेंब लावावा. चिकट झाले तर लाख. टर्पेंटाईनने मऊ पडले तर मेण. दोन्हींनी काहीच झाले नाही तर तेल किंवा अलीकडचा रंग समजावा. ही साधी परीक्षा केल्याशिवाय कोणत्याही जुन्या वस्तूला हात लावू नये.

ऑईलपेंट काढणे हे सर्वांत कष्टाचे काम. रंग मऊ करणारे औषध लावून, थांबून, बांबूच्या चपट्या पट्टीने तो थर थर उचलला. कॉस्टिक सोडा वापरला नाही, कारण त्याने लाकूड काळे पडते व सांधे ढिले होतात. दिव्याची ज्योतही लावली नाही. घासून धूळ उडविण्याचे तर मुद्दाम टाळले. पूर्वीच्या रंगांत शिसे असे व त्याची धूळ लहान मुलांना फार घातक. रंगातील शिशावर आपल्याकडे कडक मर्यादा २०१७ सालच्या नोव्हेंबरपासून लागू झाली. म्हणून जुना रंग काढताना तोंडाला फडके बांधावे, मुलांना दूर ठेवावे आणि खरवड गोळा करून टाकावी.

लाकूड मोकळे झाल्यावर भेगा व किड्यांची भोके पाहिली. भोकातून ताजा भुसा गळत असेल तर किडा जिवंत आहे असे समजावे. अशा ठिकाणी सुईने कीटकनाशक सोडले. तुटलेल्या जागी त्याच जातीच्या लाकडाचे, त्याच दिशेच्या रेषांचे ठिगळ दिले.

मग लाख. एक लिटर स्पिरिटमध्ये सुमारे दीडशे ग्रॅम चपडी काचेच्या बरणीत रात्रभर भिजत ठेवली व सकाळी कापडाने गाळली. लोखंडी डबा वापरू नये, लाख काळवंडते. विरघळविलेली लाख फार दिवस ठेवली तर नीट सुकत नाही, म्हणून लागेल तेवढीच करावी. सुती चिंधीच्या बोळ्याने अगदी पातळ हात दिले, एक सुकल्यावर दुसरा. पावसाळ्यात हे काम करूच नये. हवेतील ओल लेपात अडकते व पांढरट झाक येते. आमचे काम दिवाळीनंतर सुरू होऊन शिमग्यापूर्वी संपले ते याचसाठी.

शेवटी मेण. एक भाग शुद्ध मधमाशीचे मेण किसून तीन भाग टर्पेंटाईनमध्ये घातले. भांडे गरम पाण्यात ठेवून मेण विरघळविले. टर्पेंटाईन भडकते, म्हणून पाणी आधी गरम करून, चूल विझवून मगच हे करावे. मेण साठ-पासष्ट अंशांना वितळते, त्यामुळे उकळते पाणी पुरेसे होते. थंड झाल्यावर लोण्यासारखा मलम होतो. तो फडक्याने अगदी थोडा लावावा, सुकू द्यावा आणि स्वच्छ सुती कापडाने हात दुखेपर्यंत घासावे. मेण जास्त लावल्याने चमक वाढत नाही, उलट धूळ व काजळी चिकटते. चमक येते ती घासण्याने.

आपल्याकडील लहान मधमाशीला 'सातेरी' म्हणतात. आपल्या देवीचे नाव व या माशीचे नाव एकच. काही मेण आपल्याच गावच्या पेट्यांतील सातेरीचे मिळाले, ही गोष्ट मला फार शुभ वाटली.

बाहेरील बाजूचे खांब, ज्यांना पावसाची झड लागते, त्यांना लाख चालत नाही. लाखेला पाणी, उष्णता व स्पिरिट सोसत नाही. तेथे जवसाचे तेल पाजले. होडीवाले व जुने घरधनी काजूच्या टरफलाचे तेल वापरीत. तेही टिकाऊ, पण अंगावर उडाल्यास फोड येतात, म्हणून आम्ही वापरले नाही. जवसाच्या तेलाविषयी एक इशारा अत्यंत महत्त्वाचा. तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. हे तेल हवेशी संयोग पावून सुकते, त्यात उष्णता निर्माण होते आणि चिंध्यांचा ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी मोकळ्यावर पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवावीत.

वारूळ आणि वाळवी

एक नाजूक प्रश्न होता. आपली देवी वारूळरूपाने पूजिली जाते. गोवा व सिंधुदुर्गात सातेरीची अशी अनेक स्थाने आहेत. आणि खांबांना जो शत्रू लागला तो वाळवीचाच. औषध मारायचे की नाही यावर वडीलधाऱ्या मंडळींना संकोच वाटला व तो योग्यच होता. मानकऱ्यांच्या विचाराने असे केले की, गाभाऱ्यातील वारुळाला व त्याच्या परिसराला हात लावला नाही. सभामंडपातील खांब मात्र जमिनीपासून उचलून दगडी तळखड्यांवर बसविले, भोवतीची ओल काढून टाकली आणि खांबाचा पाया सदैव दिसेल असा मोकळा ठेवला. वाळवीला माती, ओल व अंधार लागतो. तो मिळू दिला नाही तर पुष्कळसे काम औषधाशिवाय होते. देवीचे देवीकडे राहिले, लाकडाचे लाकडाकडे.

पालखी

आता पालखीविषयी. मुंबईतील एका दानशूर गृहस्थांनी चांदीच्या पत्र्याची नवी पालखी देऊ केली होती. जुनीचा दांडा खांद्याच्या जागी झिजून खोलगट झाला आहे, तो बरा दिसत नाही असे त्यांचे म्हणणे. गेल्या शिमग्याला ते सहकुटुंब गावी आले. तोवर दांड्यावरील रंग निघून लाख व मेणाचा हात झाला होता. मान म्हणून त्यांनी खांदा दिला. पालखी खाली ठेवल्यावर ते त्या खोलगट जागेवरून बराच वेळ हात फिरवीत राहिले. त्यांचे आजोबाही या पालखीचे भोई होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी समितीला सांगितले की, नव्या पालखीची रक्कम पालखीसाठी कोरडी, हवेशीर खोली बांधण्याकडे व सालाबादच्या देखभालीकडे लावावी. आपले नाव छापू नये अशी त्यांची इच्छा असल्याने ते येथे देत नाही.

काही मंडळींना अजूनही वाटते की, चांदीची पालखी हातची गेली. त्यांच्या मताचा मी आदर करतो. परंतु चांदीची पालखी पैसे असले तर केव्हाही करता येईल. झिजलेला दांडा करता येणार नाही. तो झिजायला आपल्या चार पिढ्या लागल्या.

विनंती

कारकून या नात्याने आणखी एक गोष्ट सांगणे कर्तव्य समजतो. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावशेष ठरते व ती परस्पर देशाबाहेर पाठविता येत नाही. गावोगाव जुन्या दारा-चौकटींचे व्यापारी फिरत असतात. देवळातील किंवा घरातील कोरीव वस्तू घाईने कोणाला देऊ नये. देवस्थानच्या सर्व लाकडी वस्तूंची एक नोंदवही मी तयार केली आहे. तीत वस्तूचे नाव, मापे, लाकडाची जात, कोणता लेप केव्हा दिला, फोटो, अशा नोंदी आहेत. ती समितीच्या कपाटात राहील. यापुढे जो कोणी हात लावील त्याने तीत लिहून मगच लावावा.

ग्रामस्थांना विनंती की, दर वर्षी दिवाळीनंतर एक दिवस श्रमदान करून खांब पुसावेत व मेणाचा हलका हात द्यावा. एवढे पुरे आहे. समई व निरांजन खांबाला टेकून ठेवू नये. आणि भक्तीच्या भरात कोणीही रंगाचा डबा आणू नये! देणगीदारांना विनंती की, नव्या वस्तूबरोबर जुन्या वस्तूच्या देखभालीसाठीही देणगी द्यावी. तिच्यावर नाव कोरलेली फरशी बसविता येणार नाही, परंतु खांबाला हात लावल्यावर ती देणगी हाताला जाणवेल.

माझ्या आजोबांचा पेटारा मी या हिवाळ्यात पुन्हा उघड्यावर काढला. फुटके पॉलिश स्पिरिटने पुसून काढले, लाखेचे पातळ हात दिले, मेण चोळले. जुना वर्ण आला नाही, तो येणारही नाही. पण आता तो दर दसऱ्याला थोडा थोडा गडद होत जाईल. माझ्या नातवाच्या वयापर्यंत बरा दिसू लागेल असे मेस्त्री म्हणतात.

लेख लांबला. तज्ज्ञ मंडळींना त्यात उणिवा दिसतील, त्याबद्दल क्षमा असावी.  देवी सातेरी सर्वांना सुखी ठेवो. चूकभूल द्यावी घ्यावी.

इति लेखनसीमा.